धारच्या काकींची फांदी

माझे बाबा आपल्या जन्मदात्या आईला काकी म्हणत. ते अगदी लहान असताना धारच्या धाकट्या भावानं आपला दुसरा मुलगा देवासच्या थोरल्या भावाला दत्तक दिला. त्या दिवसापासून देवासची थोरली जाऊ बाबांची आई झाली आणि धारची आई काकी झाली. पुढे आम्ही सगळेच त्यांना काकी म्हणू लागलो. मला यात कधी काही वेगळं वाटलं नाही. आमच्या देवासात एका गावाला दोन राजे होते. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. अशा गावात एका माणसाला दोन आया असल्या तर नवल ते काय?

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा चार-पाच महिन्यांचा झाला, तेव्हा सरदारपुराहून आमचे एक दूरचे भाऊबंद येऊन ठेपले. दरबारची नोकरी संपल्यावर त्यांनी सगळ्या कुळाची वंशावळ जुळवायला घेतली होती. भल्या मोठ्या कागदावर झाड काढलेलं आणि फांद्यांवर नावं. घरात आम्ही त्यांचं नाव वंशावळवाले ठेवलं.

"यात मी कुठे?" मी विचारलं.

"मुली दुसऱ्याच्या झाडावर जातात, बाई."

"आणि त्या झाडावर सुना लिहीत नाहीत," मी म्हणाले. त्यावर त्यांनी पाणी मागितलं.

माणूस मात्र चोख होता. ज्या घरात जन्म झाला तिथलं एक तोंड आणि ज्या घरात वाढ झाली तिथलं एक, दोन्ही जुळली तरच ते शाई लावत. ऐकीव गोष्टींवर भरवसा ठेवला तर लोक कुणाच्याही फांदीला लोंबकळतात, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी सांगितलेली हकिकत त्यांनी पेन्सिलीनं लिहून घेतली. मग धारच्या फांदीवर बोट ठेवून म्हणाले, "काकींचा थोरला मुलगा प्लेगात गेला, तोही लग्नाआधी. धाकटे तुम्ही. पण तुमचा जन्म काकींच्या तोंडून कळला पाहिजे. नाहीतर इथं मला निर्वंश लिहावं लागेल."

आमच्याकडे बायका भांडणातसुद्धा हा शब्द तोंडाबाहेर काढत नाहीत. बाबा उठून आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा डोळे धुतलेले दिसत होते. "धारला जाऊ," ते म्हणाले. "काकींना बाळही दाखवायचंय."

इंदुरापर्यंत एक गाडी केली, पुढे दुसरी. चंबळेच्या उतारावर गाडी अशी आदळली की वंशावळवाल्यांच्या पाठीत उसण भरली. ते कण्हू लागले की गाडीवान म्हणे, "घबराव मत भिया, धार तो यो आयो." असं तो सकाळपासून म्हणत होता.

काकी दोन खोल्यांत एकट्या राहत आणि देवळाला वाती वळून देत. बाबांना त्या अहो-जाहो करत, थोरल्या घरचे म्हणून. माझ्या मुलाला त्यांनी मांडीवर घेतलं, टाळूवर तेल घातलं आणि हळूच मला विचारलं, "नीट झाला ना? डोक्याकडूनच?"

मी हो म्हटलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि त्याच्या दोन्ही टाचा मुठीत धरून बसल्या.

जेवणं झाल्यावर वंशावळवाल्यांनी कसाबसा कागद उलगडला. "काकी, तुम्हाला मुलं किती?"

"एक. प्लेगात गेला."

"आणि धाकटा?"

"एकच होता."

बाबा म्हणाले, "काकी, आता सांगायला हरकत नाही."

"हातावर पाणी सोडून दिलेलं माणूस परत आपलं म्हणू नये. थोरल्या जाऊबाईंना मी तसा शब्द दिलाय."

"आईला जाऊन किती वर्षं झाली, काकी."

"त्या गेल्या. शब्द नाही गेला."

मला संताप आला. शब्द पाळणाऱ्या माणसांचा मला नेहमीच राग येतो, कारण त्यांच्यापुढे बोलायला काही उरतच नाही. बाबा खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसले होते.

वंशावळवाले कागद गुंडाळायला वाकले आणि तसेच अडकले, ना धड उभे ना बसलेले. काकी धावल्या. त्यांनी त्यांना हाताला धरून पालथं निजवलं आणि त्या बाबांकडे वळल्या.

"अरे, बघत काय बसलास? यांच्या पाठीला पाय लाव."

"मी?"

"तू नाही तर कोण? पायाळूचा पाय लागला की उसण उतरते."

पायांकडून जन्मलेलं मूल पायाळू, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा पायाळू आहेत हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द बाबांनाही.

"मला कधी कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"कोण सांगणार? खोलीत सुईण आणि मी. सुईण म्हणाली, दोघांतलं एकच वाचेल. मी म्हटलं, मूल वाचव." एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला.

केस पिकायला लागलेले माझे बाबा उठले आणि त्यांनी वडीलधाऱ्या माणसाच्या पाठीला भीत भीत पाय लावला. "जरा खाली," वंशावळवाले म्हणाले. उसण उतरली की नाही देव जाणे. पालथ्यानंच त्यांनी विचारलं, "काकी, आता लिहू?"

काकी वातीचा कापूस उगाच पिंजत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा. पण बारीक अक्षरात."

त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, आणि शाईनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बाबा नमस्कार करून गाडीच्या मागच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते, जोडे अजून घातले नव्हते. काकी गाडीपाशी आल्या. त्यांनी बाबांच्या दोन्ही टाचा हातांत धरल्या आणि बैल जुंपून होईपर्यंत सोडल्या नाहीत.

"आधी हे पायच आले होते," त्या म्हणाल्या.