अकरा सेंटिमीटर मागे

दिनांक ३ डिसेंबर. रक्कम सहा लाख चाळीस हजार पाचशे. पावती माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण गाडी ज्याची होती त्या माझ्या मेहुण्याला आकड्यांपलीकडे काही लिहिण्याचा मनस्वी कंटाळा. गाडीचे सहा लाख चाळीस हजार, वरचे पाचशे शिलाईचे. शिलाई कसली, ते पुढे येईलच.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर. उंची पाच फूट एक इंच. कारखान्यात, गल्लीत, अगदी सासुरवाडीतही त्याला सगळे ‘साडेतेरा’ म्हणतात. त्याचं कारण असं. आमच्या गावाबाहेर एक बंद पडलेला विमानतळ आहे. त्याच्या धावपट्टीवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाड्यांच्या शर्यती होतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, सरळ चारशे मीटर, की संपलं. जेवायला बसून पहिला घास घ्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. मेहुण्याची पहिली धाव साडेतेरा सेकंदांची होती. नंतर तो अकरा ब्याण्णवपर्यंत खाली आला, पण नाव जे चिकटलं ते चिकटलं.

गाडी साठ वर्षांपूर्वीची, दोन दारांची. एका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये सिमेंटच्या पोत्यांखाली पडली होती, तिथून त्याने ती आणली. मूळ गाडीतलं आता काय उरलंय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “पत्रा आणि मागचे दिवे. बाकी माझं.” इंजिन आठ सिलिंडरचं, दुसऱ्याच कुठल्या अपघातात गेलेल्या गाडीचं. मागची सीट काढलेली, काचांच्या जागी प्लॅस्टिक, छताखाली जाड पाइपांचा पिंजरा, मागचे टायर पुढच्यांच्या दुप्पट रुंद. सीटला मागेपुढे सरकवायच्या पट्ट्यासुद्धा नाहीत. पट्ट्यांचं वजन पाच किलो, ते कशाला वाहायचं? म्हणून सीट चार लोखंडी कोनांवर तळाला वेल्ड केलेली, नेमकी त्याच्या पायांच्या लांबीवर. एकोणीस वर्षं त्याने ती गाडी अंगावर शिवल्यासारखी बेतली होती.

गेल्या वर्षी त्याच्या पाठीचे दोन मणके जोडून घ्यावे लागले. चालायला परवानगी, लेथवर अर्धा दिवस उभं राहायला परवानगी, कमरेत वाकायला मनाई. तरी मे महिन्यात एका सकाळी तो कुणाला न सांगता शेडमध्ये गेला आणि पिंजऱ्याच्या आडव्या पाइपावरून कसाबसा आत बसला. बाहेर मात्र येता येईना. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला फोन केला. स्टिअरिंग खोलून आम्ही दोघांनी त्याला चाळीस मिनिटांत बाहेर काढलं. स्टुलावर बसून घाम पुसत तो म्हणाला, “भाऊजी, गाडीनं मला घटस्फोट दिला. आता विकायची.”

मग जरा वेळानं, “पण अट एकच. जो घेईल त्यानं ती पळवली पाहिजे.”

किंमत त्याला फारशी महत्त्वाची नव्हती. पहिल्या रविवारी धावपट्टीवरून आवाज यायचा तेव्हा तो घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचा. शेडमध्ये उभ्या गाडीच्या टायरांना सपाट डाग पडतात, रबरी सीलं सुकतात, हे तो मला रोज सांगायचा. मला ऐकू यायचं ते वेगळंच.

जाहिरात मी लिहिली. गाडीतल्या उणिवा आधी, क्रमांक घालून, गुण शेवटी. त्याने वाचली आणि म्हणाला, “हे गाडीचं वर्णन आहे की मृत्युपत्र?” तरी तशीच छापली. चौघे आले. तिघे आत मावले नाहीत. एकाचे गुडघे डॅशबोर्डाला टेकले आणि तो तसाच अडकून म्हणाला, “काका, ही गाडी आहे की पाळणा?”

चौथा एक हॉटेलमालक होता. त्याने आत बसायचा प्रयत्नच केला नाही.

“मूळ इंजिन कुठाय?”

“भंगारात.”

“मूळ सीट?”

“भंगारात.”

“अहो, इतक्या सुंदर गाडीचं वाटोळं केलंत की हो!” असं म्हणून त्याने साडेसात लाख देऊ केले. गाडी परत जुन्या रूपात आणायची, नवा रंग द्यायचा आणि हॉटेलच्या दर्शनी हॉलमध्ये ठेवायची.

“चालू असेल का ती?” मेहुण्याने विचारलं.

“चालू कशाला? लोक फोटो काढतील.”

“मग नको. तिला उभं राहायची सवय नाही.”

साडेसात लाख नाकारले म्हणून मी त्याला दोन दिवस बोललो. घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचं शिवणकामाचं दुकान आहे. मशीनचा आवाजही ते दोन दिवस जरा जोरात येत होता.

ऑक्टोबरात बेकरीवाली आली. चाळिशीची, चांगली उंच, हाताला पिठाचा वास. धावपट्टीवर तिची स्वतःची एक बारीक गाडी पळायची, सोळा सेकंदांची. आल्या आल्या तिने इंजिन बघितलं नाही. मेहुण्याची वही मागितली. एकोणीस वर्षांतली प्रत्येक धाव त्यात आहे, हरलेलीही. पाऊण तास ती उभ्याने वाचत होती. मग आत शिरली, म्हणजे निम्मी शिरली.

“मास्तर,” आतून आवाज आला, “एकतर गाडी कापा, नाहीतर मला.”

“काय करायचंय?”

“सीट मागं घ्या. अकरा सेंटिमीटर. मी आत्ता मोजलं.”

“जमायचं नाही. वजनाचा तोल जाईल.”

“वजन मागं गेलं तर मागचे टायर जमीन जास्त धरतील. उलट सुटताना फायदाच होईल. तुम्हाला मी काय सांगणार?”

ती म्हणाली ते बरोबर होतं. त्या रात्री माझ्याकडे त्याने ते कबूलही केलं. “मग?” मी विचारलं. तर म्हणतो, “भाऊजी, मी बसत होतो ती जागा आहे ती.”

बेकरीवाली पावाच्या कागदी पिशवीवर फोन नंबर लिहून गेली. पिशवी तीन आठवडे शेडमध्ये खिळ्याला लटकत होती.

शेवटी विषय वहिनींनी काढला. रविवार होता, मीही होतो. त्या दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “भाऊजी, मी लग्नाचे ब्लाउज शिवते. वर्षभरानं त्याच पोरी उसवून घ्यायला येतात. मी काय रडत बसते?”

“कपडा वेगळा, गाडी वेगळी,” मेहुणा म्हणाला.

“वेगळी कशी? चांगला शिवणारा आत चार बोटं कापड जास्तीचं ठेवतो. तुम्ही काही ठेवलं नाहीत, ही तुमची चूक. आता उसवायचं तर उसवा. नाहीतर त्या हॉटेलवाल्याला द्या, तो हारबीर घालील.”

मेहुणा उठून शेडकडे गेला. आम्ही मागोमाग. त्याने खडूने चार कोनांवर खुणा केल्या, ग्राइंडर उचलला आणि दारात थांबला. वाकता येत नाही हे तो विसरला होता. मी आत जायला निघालो तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, “तुम्ही राहू द्या, भाऊजी. परत स्टिअरिंग काढावं लागेल.”

वहिनींनी साडीचा पदर खोचला, पाइपावरून पाय टाकला आणि सीटवर बसल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांची उंचीही पाच फूट एक इंच. दोन्ही पाय सरळ पेडलांवर पोचले, हात स्टिअरिंगवर नेमके. इतके महिने माणसं येऊन गेली, आणि गाडी जिच्या मापाची होती ती पुढच्या खोलीत काजं करत बसलेली.

“ठेवायची का?” मेहुण्याने अगदी हळू विचारलं.

“मला दिवाळखोर करायचंय का? दुकान कोण बघेल?” मग थोडं थांबून, “एकदा चालू करून द्या. ऐकलंय फार, आतून नाही ऐकलं.”

त्याने बाहेरून हात घालून किल्ली फिरवली. शेडचे पत्रे थरथरले. मेहुणा खिडकीतून ओरडून सांगत होता, क्लच, हळू, हळू! वहिनींनी गाडी पहिल्या गिअरमध्ये शेडबाहेर काढली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वळवता येईना, म्हणून तिथून मागे मागे परत आणली. तोवर सगळ्या घरांच्या खिडक्या उघडल्या होत्या. उतरायचं नाव न काढता त्या म्हणाल्या, “द्या ग्राइंडर.”

मेहुणा बाहेरून सांगत गेला, त्या आत कापत गेल्या. ठिणग्या उडाल्या की तो, “डोळे, डोळे सांभाळ!” आणि त्या, “चष्मा लावलाय, गप्प बसा.” सीट अकरा सेंटिमीटर मागे गेली आणि चार नव्या बोल्टांनी बसली. जुन्या कव्हरची शिवण त्या ओढाताणीत फाटली होती, म्हणून वहिनींनी नवं शिवलं. त्याचे पाचशे त्यांनी लावले.

बेकरीवालीने ३ डिसेंबरला पैसे दिले. तिने बोललेले सहा लाख चाळीस हजार, मेहुण्याने एका शब्दानेही वाढवून मागितले नाहीत. पावती लिहिताना मी बोल्टांची आठवण केली. चाळीसचा एक, असे चार. तो म्हणाला, “असू दे, नंतर बघू.”

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे धावपट्टीवर गेलो. मेहुण्याने आपलं जुनं स्टॉपवॉच आणलं होतं. पहिली धाव बारा एकतीस. “सुटायला उशीर करते,” तो पुटपुटला. दुसरी बारा शून्य सहा. तिसरीला धूर झाला, गाडी सरळ रेषेत गेली आणि त्याने बटण दाबलं. बराच वेळ तो घड्याळाकडे बघत राहिला.

“किती?” वहिनींनी विचारलं.

“अकरा अठ्ठ्याऐंशी.”

त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या धावेपेक्षा चार शतांश कमी.

“घड्याळ जुनं झालंय,” तो म्हणाला. मग खिशातून वही काढली आणि शेवटच्या ओळीखाली तारीख घालून तो आकडा लिहिला. स्वतःच्या हाताने.

गाडी आता बेकरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते आणि दर महिन्याला पळते. चार बोल्टांचे एकशे साठ बेकरीवालीकडून अजून यायचे आहेत.