आक्काचे नवे गुडघे आणि बेळगुंदीचे बांध

"फिरायला म्हंजे कुणाकडं?" आक्कानं फोनवर विचारलं.

"कुणाकडं नाही गं. नुसतं चालायचं. शेतातनं, बांधावरनं."

"काम न्हाय, पावणं न्हाय, आनि चालायचं? येडी हैस व्हय गं तू?"

आमची सहल ठरली ती अशी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीत राहते. मांडी घालून विड्या वळण्यात तिची तीस वर्षं गेली आणि त्याच कमाईवर मी इंजिनिअर झाले. आता मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी करते. गेल्या फेब्रुवारीत तिचे दोन्ही गुडघे बदलले. ऑपरेशन छान झालं, पण महिन्याभरात न्हाणीत तिचा पाय घसरला. हाडाला काही झालं नाही. धीर मात्र गेला तो गेलाच. डिसेंबर उजाडला तरी तिची मजल खाटेपासून दारापर्यंत. "गुडघे ठणठणीत आहेत, चालवा यांना," असं डॉक्टर दर खेपेला बजावायचे आणि आक्का दर खेपेला मान हलवून घरी येऊन बसायची.

इंग्लंडातल्या खेड्यांत लोक सुट्टीत शेताशेतानं पायी हिंडतात, त्याचे व्हिडिओ मी डबा खाताना बघायचे. एक दिवस वाटलं, शेतं काय आपल्याकडं कमी आहेत? आमच्या कारखान्यातला स्टोअरकीपर बेळगावजवळच्या बेळगुंदीचा. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, माडीऐवजी खालची खोली द्यायचं कबूल केलं आणि मी तीन दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस. निपाणीहून आक्काला आदल्या दिवशीच गाडीनं खासबागेत माझ्या घरी आणलं होतं. सकाळी बसनं निघालो. बेळगावच्या सिटी बसस्टँडवरून बेळगुंदीला पाऊण-एक तास लागतो. कर्नाटकातल्या बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. बसची पहिली पायरी चांगलीच उंच. आक्का दांडा धरून नुसती उभी राहिली. मागं रांग वाढत होती. कंडक्टर म्हणाला, "निधान हत्तरी, अव्वा," सावकाश चढा, आणि खरंच सगळी बस थांबवून तो उभा राहिला. ती चढली, पण घामाघूम झाली.

शहर मागं पडलं की पश्चिमेला माती लाल व्हायला लागते. भातं कापून झालेली, खळ्यावर गवताच्या गंज्या, मध्ये काजूची झाडं. या दिवसांत पायवाटा कोरड्या असतात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. पावसाळ्यात इथला चिखल चप्पल ठेवून घेतो.

जेवून दुपार उतरल्यावर पहिली फेरी काढली, गावामागच्या शेतांतून गोल, फार तर दोन किलोमीटर. अगदी सपाट वाट. अर्ध्यावर पाण्याची चर आडवी आली. हातभर रुंद, आत घोट्याएवढं पाणी. मी सहज ओलांडली. मागं वळून बघते तर आक्का पलीकडंच. एक पाय उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला.

"हात धर," मी म्हटलं.

"न्हाय जमायचं."

"आक्का, एवढीशी तर आहे."

"तुला एवढीशी!" ती एकदम ओरडली. "पडल्यावर मला कोन उचलायचं? तू नोकरीवर जाशील. मी हितनं म्हागारी जातो, तुला हिंडायचं तर हिंड."

ती वळली आणि चालू लागली. मी तिच्या मागं. 'एवढीशी' हा शब्द माझ्या तोंडून यायला नको होता. आप्पांच्या घरी गरम तांदळाच्या भाकरी, खर्डा आणि वांग्याची भाजी होती. आक्का नीट जेवली नाही. "उद्या परत जाऊया," एवढंच म्हणाली.

दुसरा दिवस. सकाळी मी बॅग भरायला घेतली. अंगणात आप्पा आक्काला विचारत होते, "राकसकोपचं पानी बघिटलंसा का? आख्खं बेळगाव पितंय ते."

"न्हाय बघिटलं."

"मग बघून जावा की. वाट सडकंची हाय, लई चढ न्हाय. दमलासा तर फोन करा, गाडी धाडतो."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "सडकंनं हाय म्हंत्यात," ती म्हणाली. मी बॅग खाली ठेवली.

बेळगुंदीहून राकसकोपच्या तलावापर्यंत रमतगमत दीड तास लागतो. आम्हाला अडीच लागले. पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी आणि टोपी घ्या. वाटेत हॉटेल असेल या भरवशावर राहू नका. दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारायचं, "कुनाकडं निघालाय?" पहिल्यांदा मी उत्तर दिलं. दुसऱ्यांदा आक्का पुढं झाली: "कुनाकडं न्हाय. नवं गुडघं घातल्यात, त्यास्नी फिरवाय आनलंय." विचारणारी बाई रताळी काढत होती. ती इतकी हसली की हातातलं खुरपं खाली पडलं. "बसा की वाईच," म्हणून तिनं आम्हाला बांधावर बसवलं आणि शेकोटीत भाजलेली दोन रताळी दिली. वरून करपलेली, आतून मधासारखी. आक्कानं तिला गुडघ्यावरचे व्रण दाखवले. तिनं हात लावून बघितलं. "माझ्या सासूचंबी करायचंय, पन ती भ्यात्या," ती म्हणाली.

"भ्याऊ नगो म्हनावं," आक्का म्हणाली. "मी चालत आलोय बघ निपानीवाली."

मी मान दुसरीकडं वळवली.

तलाव अचानक दिसतो. झाडं संपतात आणि समोर निळं पाणीच पाणी, पलीकडं डोंगर. धरणाच्या आवारात शिरायच्या भानगडीत पडू नका, बाहेरच्या माळावरूनही पोटभर दिसतं. आक्कानं कपाळावर हात धरून पलीकडचा काठ शोधला. मग म्हणाली, "एवढं पानी हितं हाय आनि मी निपानीत बसलोय."

परतताना एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा आक्का, गावात सोडतो." माझे स्वतःचे पाय बोलत होते, मी दार धरलंसुद्धा. आक्का म्हणाली, "तिला घेऊन जावा. मी येतो चालत." झालं, मलाही चालावं लागलं.

तिसरा दिवस. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि शेजारचं अंथरूण रिकामं. न्हाणीत नाही, अंगणात नाही. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "शेताकडं गेल्या की मघाशी." मी अनवाणी पळाले. 

चरीपाशी पोचले आणि थांबले. आक्का पलीकडच्या बांधावर उभी होती, पदर खोचलेला.

"थांब, येते मी!"

"तू नगो. तिथंच ऱ्हा."

तिनं उजवा पाय टाकला. क्षणभर दोन्ही काठांवर एकेक पाय. मग डावा आला. ती अलीकडं उभी होती. मी मिठी मारायला पुढं झाले तर म्हणाली, "थांब गं," आणि पुन्हा पलीकडं गेली. पुन्हा आली. चार वेळा! पाचव्यांदा पाय पाण्यात गेला, लुगड्याचा काठ भिजला, आणि ती पडली नाही. भिजल्या पायाकडं बघून ती मोठ्यानं हसली. फेब्रुवारीपासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळच्या बसनं परत आलो. माझ्या टाचेला फोड, उन्हानं मान लाल, रजा संपलेली. तुम्ही जाणार असाल तर राहायचीही गरज नाही, सकाळी जाऊन सूर्यास्ताला घरी येता येतं. पण घरात कुणी दारापर्यंतच चालणारं असेल, तर दोन मुक्काम काढाच. पहिला दिवस बहुतेक वाया जाईल, त्याची तयारी ठेवा.

माझ्यापाशी काय उरलं, ते नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, मी तिला चालवायला नेलं. त्या वाटांवर मी जास्त वेळ तिच्या मागं होते.

परवा निपाणीहून फोन आला. मागं बायकांचा कालवा.

"कुठं आहेस गं?"

"माळावर. गल्लीतल्या पाचजनी हाव. दोघींचं गुडघं दुकतंय म्हनून त्या हळू येत्यात, त्यास्नी थांबलोय." तिला धाप लागली होती, पण बोलणं थांबत नव्हतं. "ऐतवारी ये तू. आनि बूट चांगलं घालून ये, लई मागं ऱ्हातीस."