आपाची बांगडी आणि गावाची गाडी

"हात ढिला सोड वं बेटा. जिद नको सोडू."

बांगड्या भरताना आपाचं हे वाक्य ठरलेलं. समोरच्या बाईची बोटं ती एकत्र आवळायची, अंगठा आत दाबायची आणि बांगडी बोटांच्या हाडांवर आणून जरा थांबायची. तुम्ही कधी काचेच्या बांगड्या भरून घेतल्या असतील तर ही वेळ तुम्हाला माहीत आहे. बांगडी पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि बाईला पळता येत नाही. आपाला जे बोलायचं असेल ते ती नेमकं तेव्हाच बोलायची.

"पोरीले शाळेत धाडतं का नाई?"

"धाडतो ना आपा! सरकव आता!"

मग बांगडी सर्रकन मनगटात.

आमचं गाव बार्शीटाकळी तालुक्यातलं, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. एसटी फाट्यावरून सरळ पुढे निघून जायची. बाबा अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात होते, तिथंच तिघाचौघांत एक खोली करून राहायचे. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. माझी मोठी बहीण दहावीला शाळेत पहिली आली आणि घरी बसली. अकरावी तालुक्याच्या गावी होती. फाट्यापर्यंत न्यायला सरपंचाच्या भावाची काळीपिवळी जीप होती, पण तिचं रोजचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. सरकारनं मुलींना एसटीचा पास फुकट केला होता, हे आम्ही ऐकून होतो. पास फुकट, पण गाडीच नाही. ज्यांच्या दारात मोटारसायकल त्यांच्या पोरी शिकल्या. माझी बहीण आईबरोबर निंदायला जाऊ लागली. मी तेव्हा नववीत होते. पुढची पाळी माझी, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आपा आमच्या गावची नव्हे. ती बार्शीटाकळीहून फाट्यापर्यंत एसटीनं यायची आणि पुढे डोक्यावर बांगड्यांचं टोपलं घेऊन पायी. मुसलमान बाई, पण मराठावस्ती असो की आमची बौद्धवस्ती, स्वयंपाकघरापर्यंत थेट जायची. बहिणीचं शिक्षण सुटलं हे कळल्यावर ती स्वतःच एसटीच्या डेपोत जाऊन आली. तिथले साहेब म्हणाले, ग्रामसभेचा ठराव आणा, मग गाडीचं पाहू.

आता आमच्या ग्रामसभेचं सांगते. ती भरायची भर दुपारी, बाया शेतात असताना. माणसं पुरेशी जमायची नाहीत, म्हणून सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, असा नियम आहे. मग पाचसहा जण चहा पिता पिता गावाचं ठरवून टाकायचे. त्यांनी एकदा ठरवलं, गावाच्या तोंडाशी कमान बांधायची. बांधली. झकास रंगवली. त्या कमानीखालून जायला एसटी नव्हती, एवढंच.

आपानं हे सगळं ऐकून घेतलं. राखी पौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे तिच्या धंद्याचे दिवस. तिनं घरोघरी निरोप दिला, "यंदा मी कोणाच्या घरी येत नाई. चुड्या भराच्या तं ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीच्या ओसरीवर या."

आणि बाया आल्या की हो! कोणी अर्धा दिवस मजुरी बुडवून आली, कोणी कडेवर लेकरू घेऊन. एकदोघी रिकाम्या पिशव्या घेऊन आल्या होत्या, काहीतरी वाटप आहे असं समजून.

"काय वाटून राहिले वं आपा?"

"गाडी," आपा म्हणाली. "पिशवीत नाई मावत. बस खाली."

ग्रामसेवकानं डोकी मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. "कोरम भरला," असं तो म्हणाला, पण आवाज असा की जणू काही अपघात झाला. सरपंचाच्या भावाला, म्हणजे जीपवाल्याला, वास लागलाच. तो आपाकडे बोट दाखवून म्हणाला, "या बाईचं मतदान आपल्या गावात नाई. तिले इथं बोलता येत नाई!"

"मी कुठं बोलून राहिली भाऊ?" आपा म्हणाली. "मी तं चुड्या भरून राहिली."

सगळी ओसरी हसली. पण त्याचं खरं होतं. आपाला बोलता येणार नव्हतं. आमच्यापैकी कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्या वेळी आपाच्या हातात हात होता माझ्या आईचा. माझी आई कशी, तर रेशनच्या दुकानातसुद्धा माझ्याकडून बोलून घेणारी. बांगडी हाडांवर आणून आपा थांबली. आईनं तिच्याकडे पाहिलं. आपा छपराकडे पाहत बसली, जसं काही तिला घाईच नाही.

"सरकव ना आपा."

आपा काही सरकवेना.

"गाडी पायजे!" आई एकदम ओरडली.

"कोण बोललं?" सरपंचांनी मान वर केली.

"मी बोलली," आई म्हणाली. हात तसाच अडकलेला. "माह्या मोठीचं शिक्षण सुटलं. लहानीचं मी सुटू देत नाई. गाडीचा ठराव लिवा, नाईतं आमी इथून उठत नाई."

बांगडी मनगटात गेली. मग बाकीच्या बोलायला लागल्या त्या थांबेनातच. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा शेजारची विधवा काकू मागं भिंतीला टेकून होती. "मी काहून पुढं येऊ? मले थोडीच बांगड्या भराच्या आहेत."

"हात वर कराले बांगडी लागते का वं?" आपा म्हणाली.

सगळ्यात आधी काकूचा हात वर गेला. मग बाकीचे. नव्या काचेचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

ठराव डेपोत गेला आणि पुढच्या जूनमध्ये गाडी आली. सारं गाव कमानीपाशी उभं. आणि गाडी कमानीच्या अलीकडेच थांबली! कंडक्टर खाली उतरला, टपाकडे बघ, कमानीकडे बघ, मान हलव. आपा आतच बसलेली. तिनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अटकली तं कमान पाडू! गाडी परत नाई जात!" ड्रायव्हर हसला, त्यानं इंचाइंचानं गाडी पुढं घेतली आणि ती गेली. टपाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या गाडीनं मी अकरावी-बारावी केली, पुढं अकोल्याला जाऊन बीकॉम केलं. गाडीचा आणखी एक परिणाम झाला. गावच्या बाया अकोल्याच्या बाजारात जायला लागल्या आणि बांगड्या तिथंच घ्यायला लागल्या. आपाचं टोपलं तसंच भरलेलं परत जाऊ लागलं. एकदा गाडीत मी तिला म्हटलं, "आपा, तुझ्याच गाडीनं तुझा धंदा नेला."

ती इतकी हसली की पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहू लागली. "नेऊ दे! पायी येत होती मी, आता बसून येतो. तेई अर्ध्या तिकिटात. हा धंदा काय कमी झाला?"

गिऱ्हाइकं कमी झाली तरी ती येत राहिली. चहा घ्यायची, पोरींचे निकाल विचारायची. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तिनं मला हिरव्या बांगड्या भरल्या. बांगडी हाडांवर आणून थांबली. मी वाट पाहत होते, आता काय विचारते. तिनं काहीच विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच बांगडी आत सरकवली.

गेल्या हिवाळ्यात आपा गेली. आई, काकू, गावच्या कितीतरी बाया तिच्या घरी गेल्या. त्याच गाडीनं.

मी आता अमरावतीला राजापेठेत एका क्लासमध्ये अकाउंट्स शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. गावाची गाडी रोज सकाळी कमानीखालून निघते, आणि तिच्यात आमच्या पोरींना बसायला जागा पुरत नाही.