पडद्यावर आबांना दिसलेले सोपानकाका

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सणसवाडीला एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट... एवढंच मला कळतं. या पेजवरचे असले अनुभव वाचून मीही कमेंटमध्ये टिंगल केलेली आहे. त्यामुळे तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवार, माझी सुट्टी. निमोण्याहून आबांना – माझ्या वडिलांना – शिरूरला डोळे दाखवायला आणलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालेला. नजर चांगली आहे म्हणाले डॉक्टर. बाहेर पडल्यावर आबाच म्हणाले, "आता येवढं दिसतंय तर मोठ्या पडद्यावर कायतरी दाखव की. लई वर्सं झाली थेटरात जाऊन."

बाराच्या शोला एकच पिक्चर होता. इंग्रजी, हिंदीत डब केलेला. जग संपलंय, शहरं ओस पडलीत, सगळीकडे राख, आणि एक बाई तिची मुलगी शोधत चाललीय. आबांना काय कळणार, असं वाटलं, तरी तिकिटं काढली. आत आम्ही धरून सात-आठ जण असू.

आबा मात्र डोळे लावून बघत होते. मधेच माझ्याकडे झुकले. "समदीच मेली म्हंजी... मागं रडायला बी कुणी न्हाई?"

"पिक्चर आहे हो आबा."

इंटरव्हल होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, दीड वाजत आला होता. शिफ्टच्या ग्रुपवर मेसेज आला म्हणून मी खाली मोबाईलमध्ये बघत होतो. तेवढ्यात आबा ताडकन उभे राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "सोपान!"

"बैठो ना चाचा," मागून कुणीतरी म्हणालं.

सोपान म्हणजे माझे धाकटे काका. आजी वारली तेव्हा ते कामाला बाहेरगावी होते, सगळं उरकल्यावर पोचले. आबांनी भावकीदेखत त्यांना विचारलं, "आता कशाला आलास? आईला काय परत सरणावर ठिवायची का?" काका दारातूनच मागं फिरले. त्याला एकोणीस वर्षं झाली. ना पत्ता, ना फोन. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

आबांना धरून बाहेर आणलं.

"काय झालं आबा?"

"त्या रस्त्यानं आला रं... राखंतनं. दाढी पांढरी झालीया. डोक्याला हिरवं फडकं बांधलं हुतं. माझ्याकडं बगून म्हनला, दादा, मला न्यायला ये."

"अहो, पिक्चर हिंदीत आहे. मराठी कोण बोलणार त्यात?"

"मला काय ठावं."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. उजेडाचा त्रास होतो कधी कधी, काळजी करू नका, म्हणाले. आबांना घरी नेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या मोबाईलवर अनोळखी नंबर. मी उचलला. एक बाई बोलत होत्या. "मी दौंडवरून बोलतीय. सोपानमामा आमच्या शेजारी राहायचे. काल गेले ते. त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर 'दादा' म्हणून हा नंबर आहे."

दौंड! न्हावऱ्यामार्गे गेलं तर दीड तासाचा रस्ता. एवढी वर्षं काका तिथं होते, कुणाकडून तरी नंबरही मिळवला होता, आणि एकदासुद्धा लावला नाही.

आबांना घेऊन लगेच दौंड गाठलं, तिथल्या दवाखान्यात त्या शेजारीणबाई थांबलेल्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी मोरीत पाय घसरून पडले. डोक्याचं रक्त थांबंना, म्हणून माझी ओढणी बांधली. दुपारी दीडच्या सुमाराला गेले." काकांच्या सामानाची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. वर ओढणी होती. हिरवी.

आबांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "आलो बाबा. मलाच उशीर झाला."

दौंडला काही करायचं नाही, असं आबांनी सांगितलं. काकांना निमोण्याला आणलं आणि आबांनीच अग्नी दिला.

पुढच्या गुरुवारी मी एकटाच तो पिक्चर परत बघायला गेलो. यावेळी मोबाईल बंद करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इंटरव्हलनंतर तो रस्ता येतो. लांबलचक, राखेनं भरलेला. त्यावर एकही माणूस नाही. आवाज म्हणाल तर नुसता वाऱ्याचा.

म्हणजे आबांच्या डोळ्यांचा दोष धरायचा? मग हिरवं फडकं, पांढरी दाढी, दीडची वेळ... हे त्या डोळ्यांना कुठून कळलं? डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले. मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसून म्हटलं, "आबा, मी परत जाऊन नीट बघितलं. त्या रस्त्यावर कुणीच नाही."



"आता कसा असंल?" आबा म्हणाले. "त्याला आपण घरी आणला न्हवं का."