फांदीवरची लाल कानटोपी

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही ग्लासगोहून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्सला गेलो होतो. मी, पुण्याहून आलेली माझी आई आणि माझी पाच वर्षांची इरा. पानगळ बघायची आणि वाटेत चिप्स खायच्या, एवढाच बेत.

सकाळभर पाऊस पडून गेला होता. जंगलात एक जुना झरा लागला. भोवतीच्या झाडांना चिंध्या, मोजे, तान्ह्या बाळांचे कपडे बांधलेले... सगळं भिजून काळं पडलेलं. पाखराचासुद्धा आवाज नाही. मला तिथे मुळीच थांबावंसं वाटेना.

आईचं लक्ष मात्र इराच्या कानांकडे. थंडीत उघडे कान म्हणजे तिच्या लेखी गुन्हाच! इथे हरवलेल्या वस्तू लोक कुंपणावर अडकवून ठेवतात, हे तिने आमच्या गल्लीत पाहिलं होतं. मी फोटो काढत होते, तेवढ्यात तिने फांदीवरची लाल कानटोपी सोडवून इराला घातलीसुद्धा. "कोरडीच आहे गं! जाताना ठेवू परत."

अर्थात, ठेवायची राहिली.

कार पार्कपाशी कुत्रा फिरवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई टोपी बघून थबकल्या. म्हणाल्या, "ती हरवलेली नाही. इथे आजारी माणसाचं कापड बांधतात. ते कुजलं की दुखणं जातं. जो सोडून नेईल, त्याला ते लागतं."

मी पडले डॉक्टर. हसून थँक्यू म्हटलं आणि गाडी काढली.

थोडं पुढे गेल्यावर जाणवलं, अखंड बडबडणारी इरा गप्प आहे. मग मागून आवाज आला, "आई, माझा डोकं गरम झाला..." गाडी थांबवून हात लावला, तर चटकाच बसला. व्हायरल असणार, हे मला कळत होतं. तरी मी गाडी वळवली.

झऱ्याशी सगळं अजून टपटप गळत होतं... आणि आईचे शब्द आठवले. कोरडीच आहे गं. म्हणजे आमच्या जरासंच आधी कुणीतरी ती बांधली होती. पण आम्ही आलो तेव्हा पार्किंगमध्ये आमची एकच गाडी होती, झऱ्यापर्यंतच्या वाटेत कुणी दिसलं नव्हतं.

आईने टोपी घट्ट बांधली, हात जोडले. मला वाटलं, इरासाठी काही मागेल. ती म्हणाली, "ज्या लेकराची आहे, त्याला आधी बरं कर."

इराचा ताप उतरला, शाळाही सुरू झाली. त्या दुसऱ्या लेकराचं काय झालं, कळायला मार्ग नाही. हल्ली पाऊस लागला की मी, चांगली शिकलीसवरलेली बाई, खिडकीशी उभी राहून मनात म्हणते... भिजू दे ती टोपी. लवकर कुजू दे.