चाचणीचा कागद

शाळेत पोचला की मामा चपलाही न काढता ब्रेल छापायच्या यंत्राचं हिरवं बटण दाबायचा. खडखडाट होऊन चाचणीचा एक कागद बाहेर यायचा. त्यावर तळवा फिरवून, ठिपके नीट उठलेत एवढं बघून तो कागद टोपलीत टाकायचा. अकरा वर्षं हाच नेम.

अंध मुलांच्या त्या शाळेत मामा तंत्रज्ञ होता. वार्षिक परीक्षा आठवड्यावर आली आणि जुना संगणक कायमचा बंद पडला. नवा संगणक आणि यंत्र एकमेकांशी बोलेनात. दोघांना जोडणारा प्रोग्राम मामा लिहू शकला असता, पण यंत्राला कोणता हुकूम कसा द्यायचा, ती पुस्तिका परदेशातल्या कंपनीकडे होती. ती मिळाली नाही तर मुलांना प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागणार होती, गणिताचीसुद्धा.

पाच मेल पाठवल्यावर कंपनीचं उत्तर आलं. पुस्तिका तीन आहेत. यंत्राच्या आतल्या प्रोग्रामचा क्रमांक कळवा. चुकीचे हुकूम गेले तर यंत्र निकामी होईल. आज संध्याकाळपासून आम्ही दोन आठवडे सुट्टीवर.

मी डबा द्यायला गेले, तेव्हा यंत्राचं झाकण उघडं होतं आणि मामा पेचकस घेऊन आत डोकावत होता. क्रमांक कुठेच सापडत नव्हता. साडेचार वाजले होते.

"सकाळी चाचणीचा कागद तर झकास आला," तो पुटपुटला. "अंदाजाने एक क्रमांक ठोकून देऊ का?"

"द्या की. आणि यंत्र भंगारात घाला," मुद्रितं तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. त्या जन्मांध. मुलांसाठी छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जायचं. "त्या चाचणीच्या कागदावर असतं काय?"

"काही नाही हो. नुसते ठिपके."

"नुसते ठिपके! अहो, मी जन्मभर दुसरं काय वाचलंय? आणा इकडे."

मामा टोपलीवर वाकला. चुरगळलेला कागद ताईंनी मांडीवर सपाट केला. बोटं सरकू लागली. मुळाक्षरं, आकडे, पुन्हा मुळाक्षरं. मामा घड्याळाकडे बघेना. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"घ्या लिहून. चार, टिंब, दोन, टिंब, सात."

मामाने क्रमांक कळवला आणि पुस्तिका सव्वापाचला आली. परीक्षेच्या आदल्या दुपारी गणिताची पहिली प्रत निघाली. ताईंनी ती दोनदा वाचली.

पुढे मामा ब्रेल शिकला, पण डोळ्यांनी. ताई त्याला 'ढ विद्यार्थी' म्हणायच्या. तो वारला त्या दिवशी सकाळी मी त्याचं घर झाडून कचऱ्याची टोपली उचलली. चपला चढवत तो दारातून म्हणाला, "टोपली रिकामी करू नकोस गं. आल्यावर बघतो एकदा."