सातबाऱ्यात नसलेली बहीण

वडगाव निंबाळकरचा रामहरी कागदाला फार जपायचा. सातबारे, फेरफार, कारखान्याचा शेअर, सगळं पत्र्याच्या पेटीत. कुणाला उतारा कळला नाही की लोक तलाठ्याआधी रामहरीचं दार ठोठावायचे आणि स्वारी फुगायची. त्या फुगण्यानंच घात केला.

त्याचे वडील आबा गळ्याच्या गाठीनं गेले. थोरला भाऊ मानसिंगही तसाच गेला. शेवटी जुलाबानं त्याचं चिपाड झालं होतं. पाण्याचा दोष म्हणून विहीर बदलून झाली, देवाला बकरं देऊन झालं.

१९९६ साली रामहरीच्याच गळ्याशी बोराएवढी गाठ लागली. पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हा थायरॉईडचा कॅन्सर रक्तातून उतरतो. आईबापाकडून एक बिघडलेलं जनुक येतं, आणि ज्याच्यात ते आहे त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासून आधी कळलं तर ग्रंथी काढून माणूस वाचतो. "घराण्यातल्या सगळ्यांची नावं लिहून आणा."

रामहरीनं पेटी उघडली, सातबारा पुढ्यात घेतला आणि नावं उतरवली. स्वतःचं, मानसिंगच्या बिरदेवचं, त्याखाली आपल्या ऋषिराजचं. बहीण द्वारकाबाई इंदापूर तालुक्यात वरकुट्याला दिलेली. आबांच्या मागं तिनं बारामतीत जाऊन हक्कसोड लिहून दिलं, तेव्हाच सातबाऱ्यावर नाव कमी झाल्याचा कंस तिच्या नावाला पडला होता. रामहरीच्या हाताला तो कंस ओलांडायचं सुचलंच नाही.

रक्त मुंबईला गेलं. बिरदेव सुटला. ऋषिराजमध्ये दोष निघाला, त्याची ग्रंथी वेळेत काढली. पोरांच्या सोयरिकी मोडायला नकोत म्हणून रक्ताची गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. द्वारकाबाई भावाला बघायला येऊन गेली, तिलाही सांगितली नाही. घराणं वाचलं म्हणून रामहरी निवांत झाला.

दोन वर्षांनी भाऊबीजेला ती ओवाळायला वाकली, पदर सरकला, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या गाठी त्याला दिसल्या.

"द्वारके, हे कवापासनं?"

"झालं की दीड वरीस. जुलाब बी लागल्यात. तुमीच आजारी, तुमाला कुठं सांगत बसू?"

दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला पुण्याला नेलं. कॅन्सर यकृतात उतरला होता. डॉक्टरांनी जुनी यादी काढली. "या कोण तुमच्या?"

"पाठची भन."

"मग यादीत का नाहीत? तेव्हा आल्या असत्या तर वाचल्या असत्या."

रामहरी म्हणाला, "तिचं नाव सातबाऱ्यावर न्हाय, सायेब."

स्टुलावर बसलेल्या द्वारकाबाईनं मान वर केली. "अण्णा, म्या जमीन सोडली हुती. आबा न्हवतं सोडलं."

शिमग्याच्या आत ती गेली. तिच्या लेकीच्या, छकुलीच्या रक्तातही तोच दोष निघाला. दहा वर्षांच्या त्या पोरीचं ऑपरेशन रामहरीनं उभं राहून करून घेतलं. आता दर महिन्याला तो बारामतीहून तिच्या गोळ्या घेऊन एसटीनं वरकुट्याला जातो. छकुली दारात येते, गोळ्या घेते, पाणीही देते. मामा मात्र म्हणत नाही.